चौथा रकाना

नऊ वेळा पासवर्ड चुकल्यावर हार्ड डिस्कने मुकुंदराव सबनीसांना रीतसर अर्ज करायला सांगितलं. दहावी चूक झाली असती, तर नियमाप्रमाणे तिला कोरं व्हावं लागलं असतं, आणि ते तिच्याही जिवावर आलं होतं. अर्जाचं काम ती साडेदहा ते दीड बघायची.

डिस्क त्यांच्या बायकोची, माधवीबाईंची. शेवटची दोन वर्षं त्या रोज दुपारी खोलीचं दार लावून माइकसमोर काहीतरी वाचत बसायच्या. काय वाचतेस, असं मुकुंदरावांनी कधी विचारलं नाही. ती त्यांची झोपायची वेळ. फेब्रुवारीत बाई गेल्या. घरात फोटो ढीगभर होते, आवाज मात्र तेवढ्या त्या डिस्कमध्ये.

मुकुंदराव इस्त्रीचा शर्ट घालून रोज टेबलाशी हजर होत. मृत्यूचा दाखला झाला, लग्नपत्रिका झाली, रेशनकार्डही झालं. हेलपाटे घरातल्या घरातच, पण माणूस थकतोच.

"चौथा रकाना रिकामा आहे," पंधराव्या दिवशी डिस्क म्हणाली. "मूळ नाव."

"माधवी."

"ते आपण ठेवलेलं, साहेब. लग्नात, तांदळात अंगठीनं लिहून. त्याआधीचं?"

मुकुंदरावांना काही केल्या आठवेना. कानांच्या पाळ्या तापल्या.

"अंदाजानं लिहू नका," डिस्क काकुळतीनं म्हणाली. "ती दहावी चूक धरावी लागेल."

त्यांनी मिरजेला थोरल्या मेहुणीला फोन लावला.

"वेणू," अक्का म्हणाल्या. "एक्केचाळीस वर्षांनी विचारताय होय, मुकुंदराव?"

"चुकलंच माझं, अक्का."

दुसऱ्या दिवशी डिस्कने रकाना दोनदा तपासला. "बरोबर आहे. आता हाक मारा. ओळख आतून पटवावी लागते."

"वेणू."

"मोठ्यानं. या नावानं त्यांना इतक्या वर्षांत या घरात कुणी बोलावलेलं नाही."

मुकुंदरावांनी हाका मारल्या. एक, दोन, मग मोजल्या नाहीत. घसा बसत आला. शेजारच्या फ्लॅटमधला कुकर तीन शिट्ट्या करून गप्प झाला. मग आतून, फार लांबून आवाज आला.

"आले हं! कोण, बाबा?"

मुकुंदरावांना रडू आलं. हो म्हणून टाकावं, असं एकदा वाटलंही.

"नाही गं," ते म्हणाले. "मी. तुझं नाव बदललं तो."

दीड वाजून गेले, तरी डिस्क जेवायला उठली नाही.

"थांबा जरा," शेवटी आतून आवाज आला. "एवढं पान संपवते नि येते."

आणि वेणू मोठ्यानं पुढे वाचू लागली. मुकुंदरावांची झोपायची वेळ झाली होती. ते खुर्ची पुढे ओढून ऐकत बसले.