आलटून पालटून चालू

विकास हा पाण्यासारखा असतो, उताराकडे धावतो. त्यामुळे डोंगरमाथ्यावरच्या वस्त्यांपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो, आणि पोचलाच तर तो चढ चढून दमलेला असतो.

या वस्तीत तो तीन खात्यांच्या खांद्यावर बसून आला. वीज खात्याने ओढ्यावर छोटे वीजघर बांधले: पाणी चाकावर पडते, चाक फिरते, वीज तयार होते. पाणी खात्याने त्याच ओढ्यावर, वीजघराच्या जरा वरच्या अंगाला, विजेचा पंप बसवला (वरचे पाणी अधिक स्वच्छ असते, हे खात्याने बराच खर्च करून शोधले होते). अन्न खात्याने वस्तीतल्या एकुलत्या एक पिठाच्या गिरणीला वीज जोडून दिली आणि तिचे जुने डिझेल इंजिन फीत बांधून, टाळ्यांच्या गजरात उचलून नेले.

आता पंप सुरू झाला की ओढ्याचे पाणी तो ओढून घेतो, खालचे चाक थांबते आणि वीज जाते. वीज गेली की पंप थांबतो, पाणी पुन्हा चाकावर येते आणि वीजही येते. वीज आली की पंप सुरू. हे दिवसभर, कोणीही बोट न लावता चालते. अहवालात याला ‘स्वयंसंतुलन’ म्हटले आहे. नळाला घोटभर पाणी येते, दिवा डोळा मारतो, आणि गिरणीतला दाणा अर्धा फुटून विचार करत बसतो.

गिरणी चालवणाऱ्या गिरणीबाईची अडचण मात्र अगदीच खासगी होती. घरी म्हातारे सासरे होते आणि त्यांच्या तोंडात औषधालाही दात उरला नव्हता. बारीक पीठ पातळ शिजवून दिले तरच पोटात काही जायचे.

“सूनबाई, हे जेवण आहे का खडीकरण?” भरडा तोंडात घोळवून म्हातारा विचारी.

“गिळा हो मामंजी कसंतरी,” ती म्हणे. पण सदरा त्याच्या खांद्यावरून घसरू लागला तशी ती घाबरली. गावाचे दळणारी बाई घरातल्या माणसाला उपाशी मारणार, या विचाराने तिला घास गोड लागेना.

जुने इंजिन परत मिळायला साहेबांनी पाहणी करून द्यायच्या दाखल्यावर एकच शब्द हवा होता: बंद. पाणीसाहेब येऊन गेले, त्यांना पंप चालू दिसला. वीजसाहेब येऊन गेले, त्यांना दिवा चालू दिसला. (दोघेही आपापली वस्तू चालू होईपर्यंत चहा घेत थांबले होते. याला चिकाटी म्हणतात.) अन्नसाहेबांनी भरडा चिमटीत धरून त्याला ‘पौष्टिक’ म्हटले.

तिघांना एकत्र आणल्याशिवाय भागणार नाही, हे गिरणीबाईने ओळखले. तिने प्रत्येकाला गाठून कानात सांगितले, की बाकीचे दोघे सगळे श्रेय लाटायला निघालेत. दुसऱ्याच दिवशी तिघेही एका जीपमधून उतरले.

पंप घरघरला. दिवा गेला. गिरणी थांबली. मग पंपही थांबला.

“बघा!” गिरणीबाई ओरडली. “आता सांगा, हे चालू का बंद?”

“घाई करू नका, बाई,” वीजसाहेब म्हणाले. दिवा लागला. “हा काय, लागला की!”

“बंद म्हणजे जे पुन्हा चालू होत नाही ते,” पाणीसाहेबांनी समजावले.

“मग चालू कशाला म्हणायचं?”

“जे मधूनमधून बंद पडतं त्याला. बंदच असलेलं बंद पडेल कसं?”

दाखल्यावर ‘आलटून पालटून चालू’ असे लिहिले गेले.

गिरणीबाईने सासऱ्यांनाच हाताला धरून पुढे आणले. साहेबांनी त्यांना आ करायला लावले. तिघांनी आत वाकून पाहिले, आणि तिन्ही खात्यांचे इतिहासात प्रथमच एकमत झाले: प्रश्न पाण्याचा, विजेचा किंवा अन्नाचा नसून दातांचा आहे. सबब, विषय आरोग्य खात्याचा.

आरोग्य खात्याने तत्परतेने शिबिर भरवले. एक नमुना कवळी सर्व बोळक्या तोंडांत क्रमाने बसवून प्रत्येकाचा हसरा फोटो काढण्यात आला. (दोन तोंडांच्या मध्ये ती धुतली जाई, नळाला पाणी असल्यास.) म्हातारा कित्येक महिन्यांनी मनापासून हसला. “सूनबाई, ताट आण ताट!” गिरणीबाई धावत ताट घेऊन आली, तोवर कवळी पुढच्या तोंडात गेली होती, आणि संध्याकाळी ती शिबिराबरोबर डोंगर उतरली.

अन्न खातेही हातावर हात ठेवून बसले नव्हते. कमीत कमी वीज आणि पाणी वापरून अर्धवट दळलेल्या या धान्याला शहरात चांगलीच मागणी आहे. वस्तीतला सगळा भरडा आता पाकिटांत भरून खाली जातो. त्याबदल्यात वस्तीला अख्खे, न फुटलेले धान्य मिळते. पाकिटावर म्हातारा बत्तीशी दाखवून हसतो आहे. खाली लिहिले आहे: ‘सावकाश चावून खा.’

एक पाकीट आपल्याकडेही आहे, लाजू नका. वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे. जरा भरड लागते म्हणून आपण ते मिक्सरमधून बारीक करून घेता, हे म्हाताऱ्याच्या कानावर गेले आहे. तो रागावलेला नाही. त्याचे विचारणे एवढेच आहे, की मिक्सर धुतल्यावर ते पांढरे पाणी आपण टाकून देता का.