ग्रंथपालांचे वेल्डिंग मशीन

वीज कार्यालयाने त्या रविवारी गल्लीच्या तोंडाशी लावलेली सूचना अशी होती: ‘तांत्रिक कारणास्तव या गल्लीतील वीजपुरवठा खंडित झाला आहे. ग्राहकांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ वाक्ये दोनच, पण त्यांत खरे असे फारसे काही नाही. कारण तांत्रिक नव्हते. ते महाविद्यालयाचे ग्रंथपाल होते, आणि वीज गेली त्या वेळी डोळ्यांपुढे काळी काच धरून स्वतःच्या अंगणात उभे होते. पुरवठा खंडित ‘झाला’ नव्हता. तो केला गेला होता, आणि तोही सखोल अभ्यासाअंती. राहता राहिली दिलगिरी. ती वाटण्याचे कार्यालयाला काही कारण नव्हते, आणि ज्यांना वाटायला हवी होती त्यांच्या मनाला ती अद्याप शिवलेली नव्हती.

हा अभ्यास आदल्या आठवड्यात सुरू झाला. ग्रंथपालांच्या धाकट्या बहिणीने वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून काम करून अखेर स्वतःचा एक जुना ट्रक घेतला होता. शहराबाहेरच्या मोठ्या रोपवाटिकेचा माल नेण्याचे कायमचे काम तिला मिळण्यासारखे होते. अट एकच होती: रविवारी दुपारी ट्रक दाखवायला आणायचा, आणि त्यावर कुंड्या ठेवण्याजोगी मजबूत चौकट हवी. काम मिळाले नाही, तर ट्रक विकून पुन्हा दुसऱ्याची गाडी हाकायची, हे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

“फॅब्रिकेटर पुढच्या आठवड्यातली तारीख देतोय,” ती जेवता जेवता म्हणाली. “रविवार गेला की काम गेलं, दादा.”

“फॅब्रिकेटर कशाला?” ग्रंथपालांनी चष्मा पुसला. “मशीन आणू. घरीच करू.”

“तू वेल्डिंग कधी केलंयस?”

“करायला काय लागतं ते मी वाचलंय.”

“अहो, तुम्ही पोहण्याबद्दलही वाचलं होतंत,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “बाहेर काढायला चौघं लागली होती.”

ग्रंथपालांनी या उद्गाराची नोंद घेतली नाही. पुढचे काही दिवस ते वेल्डिंग मशीन वाचत होते. तारेचे, कांडीचे, गॅसचे, गॅसविरहित. प्रत्येकाचे गुणदोष त्यांनी असे पारखले की ती यंत्रे बोलू शकती तर लाजली असती. परंतु निर्णय त्यांनी घेतला तो आयुष्यभर ज्या एका तत्त्वावर कोश खरेदी केले, त्याच तत्त्वावर. दोन आवृत्त्यांपैकी नेहमी मोठी घ्यावी. मोठ्या कोशात लहान कोश असतोच. हे तत्त्व कोशांच्या बाबतीत निर्दोष आहे. लोखंड मात्र वर्णानुक्रमाने वितळत नाही.

“काम कसलं आहे, साहेब?” दुकानदाराने विचारले.

“ट्रकचं.”

“पाईप पातळ असेल तर हे छोटं न्या. घरच्या लाइनवर आरामात चालतं.”

“आणि ते कोपऱ्यातलं?”

“ते? ते कारखान्यात चालतं, साहेब. जहाज जोडाल त्याच्यावर.”

“म्हणजे ट्रक तर जोडता येईलच.”

दुकानदाराने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. ते मशीन त्या कोपऱ्यात इतका काळ पडून होते की त्याच्यावर दुकानातल्या माणसांचे डबे ठेवले जात. “तुमच्यासारखं जाणकार गिऱ्हाईक क्वचित येतं,” तो आदराने म्हणाला, आणि त्याने डबे उचलले.

रविवारी सकाळी धाकटीने ट्रक मागे घेत घेत अंगणात आणला. उघडलेल्या लोखंडी फाटकाची एक झडप ट्रकच्या बाजूला अगदी चिकटून उभी राहिली. ग्रंथपालांना त्यात विधीचा संकेत दिसला. पाईप सरळ उभे राहायला हवेत. फाटक सरळच आहे. तेव्हा पाईप तारेने फाटकाला बांधावेत, जोडावेत, मग तार सोडावी. योजना वाईट नव्हती. खाली ट्रकची जाड लोखंडी पट्टी होती, तिथे मशीन खरोखर शोभले. पाईपांचे पाय असे पक्के बसले की धाकटीनेही मान हलवली.

“दादा, जमतंय की रे तुला.”

हे वाक्य तिने उच्चारायला नको होते. ग्रंथपाल आडव्या पट्ट्यांकडे वळले. वरचा पाईप पातळ होता. कांडी टेकताच तो लोण्यासारखा गेला, पलीकडची फाटकाची सळई गेली, आणि दोघांचा मिळून एक लाल गोळा झाला. काळ्या काचेतून ग्रंथपालांना एवढेच दिसले की काहीतरी उत्तम रीतीने जुळत आहे. त्यांनी उत्साहाने प्रत्येक पाईपाशी तेच केले. शेवटच्या पाईपाशी त्यांनी बटण थोडे वाढवले. बाहेर विजेच्या खांबावर मोठा आवाज झाला.

“अहो, पंखा बंद पडला,” आतून पत्नी म्हणाल्या. मग शेजारून, समोरून आणि वरच्या मजल्यावरून तेच वाक्य निरनिराळ्या नात्यांनी ऐकू आले.

धाकटीने तारा सोडल्या. ट्रकवर चढून चौकट हलवली. चौकट हलली नाही, ट्रक किंचित डुलला. आणि त्याच्याबरोबर फाटकही डुलले.

“दादा, तू फाटक जोडलंस.”

“कुठे?”

“सगळीकडे.”

“कापू की. कटर आहे ना तुझ्याकडे?”

“आहे,” ती अतिशय शांतपणे म्हणाली. “विजेवर चालतो.”

वायरमन आला तेव्हा गल्ली रस्त्यावर उभी होती. “कुणाकडे काही जड चालू होतं का?” त्याने विचारले. सगळ्यांनी ग्रंथपालांकडे पाहिले. ग्रंथपालांनी खांबाकडे पाहिले आणि अभ्यासू स्वरात सांगितले, “काहीतरी तांत्रिक कारण असावं.” सूचनेतला शब्द आला तो इथून.

दुपार होत आली होती. धाकटीने फाटकाच्या बिजागऱ्या निरखल्या, शेजाऱ्यांना हाक मारली, आणि तक्रार करायला आलेल्या माणसांनीच ट्रकची ती बाजू जॅकने उचलून झडप बिजागऱ्यांच्या खुंट्यांवरून सोडवली. ट्रक फाटक घेऊन निघाला. ग्रंथपाल तिच्या शेजारी बसले. वाटेत ती एकच वाक्य बोलली: “तिथे तोंड उघडू नकोस.”

रोपवाटिकेच्या मालकीणबाई कोणाच्या गोड बोलण्याला भुलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी ट्रकला एक फेरी घातली, फाटक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवले, सळयांमधल्या फटींतून हात घालून पाहिला.

“वारा लागेल, कुंडी पडणार नाही. हे कुणाच्या डोक्यातून आलं?”

“माझ्या,” ग्रंथपाल म्हणाले. धाकटीने डोळे मिटले. “दर्शनी बाजूला तयार संरचनेचा पुनर्वापर, असं त्यामागचं तत्त्व आहे.”

“छान. काम तुमच्या बहिणीला दिलं. फक्त माझ्याही ट्रकांना असंच करून द्या, तुमच्याच हातांनी. ते झालं की माल भरू.”

धाकटी भावाकडे पाहत राहिली. त्या नजरेत संताप नव्हता. संताप असता तर ग्रंथपालांनी त्यावर युक्तिवाद केला असता. तिच्या हातात ट्रकची किल्ली होती, काम गेले तर दुसऱ्याच्या हाती द्यावी लागणारी. हे पुन्हा जमेल का, या प्रश्नाचे उत्तर आयुष्यात प्रथमच ग्रंथपालांना पुस्तक न उघडता ठाऊक होते, आणि ते द्यायचे नव्हते.

त्यांनी ते दिले. ऐकून मालकीणबाई कुंड्यांच्या राशीवर बसून हसल्या, त्यांनी अट मागे घेतली, आणि माल त्याच दुपारी भरायला सांगितला. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण शेवटचा शब्द आरोपीचाच असला पाहिजे. त्याचे निवेदन, जसेच्या तसे:

“बाई, पायाशी जे जोडलंय ते मी जोडलंय, ते पक्कं आहे, माझ्या बहिणीनं स्वतः तपासलंय. फाटक मी जोडलेलं नाही, ते जोडलं गेलं. तुमच्या ट्रकांना तसंच करून द्यायला माझी ना नाही, पण त्यासाठी मला तीच चूक पुन्हा करावी लागेल, आणि ती नेमकी कशी केली हे मला अजून कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.”