अरुंधतीबाईंचं डावं वळण

“कार्लं म्हणजे काय हो, एकशे एक्कावन्न फेऱ्या!” शनिवारी संध्याकाळी आमटीला फोडणी देता देता अरुंधतीबाईंनी जाहीर केलं.

गंगाधररावांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. देहूरोडच्या डेपोत छत्तीस वर्षं ते येणारा-जाणारा माल तपासत होते. निवृत्तीनंतर तपासायला घरात फक्त बायकोच उरली होती.

“माणसं किलोमीटर मोजतात,” ते म्हणाले.

“एक फेरी दीडशे मीटरची. करा हिशोब!”

हिशोब खरा होता; तळेगावातल्या घरापासून कार्लं बावीस-तेवीस किलोमीटर. तो समजण्यासाठी दोन महिने मागे जायला हवं. गुडघे धरले म्हणून डॉक्टरांनी बाईंना सायकल चालवायला सांगितलं. वय छप्पन्न, अंबाड्यावर हेल्मेट बसेना, पण बाई आठवड्यात शिकल्या. दर रविवारी खंडाळ्यापर्यंत सायकल मारून येणाऱ्या शेजारच्या तेजलने दोन गोष्टी सांगितल्या. एक, अंतर एकदम वाढवायचं नाही, दर आठवड्याला थोडं थोडं. दोन, सीट उंच ठेवायची, म्हणजे गुडघे दुखत नाहीत.

बाईंनी दोन्ही गोष्टी व्रतासारख्या पाळल्या. अंतर वाढवायला तळेगावच्या रहदारीत कशाला जायचं? घरासमोर दत्ताचं देऊळ, देवळाभोवती फरसबंद वाट, आणि प्रदक्षिणा तर त्या रोज घालतच होत्या. आता सायकलवरून घालायच्या! पहिल्या आठवड्यात अकरा, मग एकवीस, मग एक्कावन्न, मग एकशे आठ. तोंडाने नामजप, आणि जप चालू आहे तोवर मौन. सुरू केलेल्या फेऱ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत, निदान अकरा तरी पुऱ्या करायच्याच, हाही नेम.

सीट इतकी उंच झाली की पाय जमिनीला टेकेनात. पण देवळाचा कट्टा उजव्या हाताला होताच. कट्ट्यावरून चढायचं, कट्ट्यावरच उतरायचं. सायकलची घंटी वाजली की आत बसलेली मंडळी डोळे मिटून हात जोडायची. समोरच्या सारिकाने तर “कसला नवस हो?” म्हणून विचारलं. बाई मौनात, त्यामुळे उत्तर नाही! तेव्हा नवस फारच मोठा असणार असं धरून तिने वाटीभर शिरा पाठवला.

शंका काढली ती एकट्या तेजलने.

“काकू, तुम्ही कधी डावीकडे वळून बघितलंय का हो?”

“म्हणजे?”

“म्हणजे दोन महिने तुम्ही नुसत्या उजवीकडेच वळताय. एकदा उलटी फेरी मारून बघा ना.”

“उलटी प्रदक्षिणा?” बाईंनी कानांना हात लावले. “देवाला? अगं, शिव शिव म्हण!”

विषय तिथेच संपला.

तर अशा तयारीवर कार्ल्याला जायचं ठरलं होतं. पायऱ्या चढायच्या नाहीत, पायथ्याशी ओटी ठेवून नमस्कार करायचा, हे बाईंनी एकवीरा आईशी आधीच बोलून घेतलं होतं. बोलणं राहिलं होतं गंगाधररावांशी.

“मी मागून गाडी घेऊन येतो,” ते म्हणाले.

“मुळीच नाही. मी एकटी जाणार, एकटी परत येणार. कुणाला न्यायला बोलावणार नाही.”

“आणि बोलावलंस तर?”

“तर सायकल तुमची. द्या खुशाल कुणाला द्यायची त्याला!”

गंगाधररावांचा चेहरा खुलला. देहूरोडच्या भाच्याला, प्रदीपला, ही सायकल देण्याचं त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. “ठरलं! फोन आला की येतो, तुला घरी सोडतो, आणि तसाच देहूरोडला जाऊन सायकल त्याच्या दारात उभी करतो.”

बाईंनी आमटीवर झाकण ठेवलं. लग्न झाल्यापासून त्या जिथे जिथे गेल्या, तिथे कुणी ना कुणी त्यांना सोडायला आणि न्यायला होतं. माहेरी, बाजारात, बहिणीकडे, दवाखान्यात. स्वतः निघावं आणि स्वतः पोचावं असं वाहन आयुष्यात पहिल्यांदा हाती आलं होतं. ते असं जाऊ द्यायचं?

रविवारी सकाळी पूजा आटोपून बाई निघाल्या. गंगाधरराव गाडीची किल्ली बोटात फिरवत फाटकाशी उभे होते.

पहिले पंधरा किलोमीटर म्हणजे नुसतं सुख! घराची गल्ली हायवेला लागते तिथे वळायचं उजवीकडे. वळल्या. मग वडगाव, कान्हे, सरळ रस्ता. रस्ता आपणहून जरा डावीकडे झुकला तर बाईही झुकत होत्या. ते काही वळणं नव्हे, ते रस्त्याच्या मागून जाणं झालं. कामशेतच्या चढावर मात्र सीटवर बांधलेलं लोकरीचं आसन सुटून पडलं. देवघरातून निवृत्त झालेलं, चांगलं चार घड्यांचं! परत फिरून घ्यायचं तर मागून ट्रक. आसन तिथेच राहिलं, आणि पुढचे सात किलोमीटर बाई ज्यावर बसल्या होत्या ते सीट आहे की पाटा, हे त्यांना सांगता आलं नसतं.

तरी कार्ला फाटा आला. उजवीकडे! वळल्या. गावात उजव्या हाताला नंदाबाईंची टपरी, टपरीपुढे ओटा. उतरल्या! पायथ्याशी ओटी ठेवली, डोंगराकडे पाहून हात जोडले, नंदाबाईंचा चहा उभ्यानेच घेतला.

“मावशे, एकटीच आलीस व्हय? तळेगावास्नं?” नंदाबाईंनी डोळे मोठे केले. “लय हाय! आन् न्ह्यायला कोन येनार?”

“कोणी नाही,” बाई हळूच म्हणाल्या. ते म्हणताना त्यांना झालेला आनंद चहापेक्षा गरम होता.

ओट्यावरून चढून बाई पुन्हा फाट्याला आल्या. आता घर. घर डावीकडे.

बाईंनी डावीकडे पाहिलं. मनाने वळल्या. हँडल वळेना! म्हणजे हात वळवत होते, पण अंग उजवीकडे कलत होतं, दोन महिन्यांत आठ-नऊ हजार वेळा कललेलं अंग ते! मागून जीपवाल्याने हॉर्न दिला. उतरावं तर कट्टा नाही. सायकल डगमगली, बाई दचकल्या, सिग्नलच्या कृपेने रस्ता क्षणभर मोकळा झाला, आणि सायकल आपल्या सवयीने, अगदी सफाईदार, गेली उजवीकडे.

उजवीकडे लोणावळा होतं.

‘दुभाजकात फट आली की उजवीकडूनच फिरते,’ बाईंनी ठरवलं. फट आली. पण रविवार! सहलीला निघालेल्या गाड्या एकीला एक चिकटून चालल्या होत्या. मधे शिरायला जागा नाही. दुसरी फट गेली. तिसरी गेली. वलवण गेलं. चिक्कीच्या पाट्या दिसू लागल्या, मग चिक्कीची दुकानं, मग ती संपेचनात. आणि बाजाराच्या तोंडाशी एक चौक आला. मधोमध बंद कारंज्याचा गोल, त्याला लोखंडी कठडा, आणि सगळी वाहनं त्याच्याभोवती फिरत होती.

घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. प्रदक्षिणेच्या दिशेने!

बाईंना माहेरी आल्यासारखं वाटलं. अर्धी फेरी घातली की तोंड घराकडे! त्या ऐटीत गोलात शिरल्या, अर्धी फेरी घातली, तळेगावचा रस्ता समोर आला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गोलात शिरायचं कसंही, पण बाहेर पडायचं ते डावीकडेच.

एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला सवयीने ओठांवर नामजप आला. आणि जप आला म्हणजे मौन आलं! आता अकरा तरी पुऱ्या करायच्याच होत्या.

चौथ्या फेरीला चौकातले हवालदार मारुतीराव शिट्टी वाजवत आले. “ओ मावशी! कुटं जायचंय?”

बाईंनी मान हलवली.

“तळेगाव? खोपोली? कुटंतरी जायाचंच आसंल ना!”

पाचव्या फेरीला एका चिक्कीवाल्याने ओळखलं. “साहेब, अडवू नका! विक्रम चाललाय विक्रम! त्या बाई तोंडाने मोजतायत बघा!” मोटारी थांबल्या, मोबाइल वर आले. सहाव्या फेरीला लोक मोठ्याने आकडे म्हणू लागले. पण ते पाचवीपासून मोजायला लागलेले, त्यामुळे बाई सहाव्या फेरीला आणि पब्लिक दुसऱ्या! जप सांभाळावा की हिशोब? सातव्या फेरीला कुणीतरी धावत येऊन हँडलला झेंडूची माळ अडकवली. ती ब्रेकमध्ये गुंतली.

हवालदार आता सायकलबरोबर धावत होते. “मावशी, आईका माजं! घरचा नंबर द्या. न्ह्यायला बोलावतो कुनालातरी!”

न्यायला! बाईंना सायकल प्रदीपच्या दारात उभी दिसली. त्यांनी मान अशी जोरात हलवली की हेल्मेट कपाळावर आलं.

“नंबर न्हाई?” हवालदार धापा टाकत म्हणाले. “का घरचंच कोनी न्हाई?”

बाईंनी पुन्हा मान हलवली.

“अरेरे! घरचं कोणी नाही!” गर्दीतली एक बाई हळहळली.

“नाही कसं? असतील! सुनेनं बाहेर काढलं असणार!” दुसरी म्हणाली.

“ह्या वयात! आणि सायकलवरून!”

“शिकलेलीच असणार सून!”

अरुंधतीबाईंना सून नव्हती. मुलगा श्रीयश अजून मुली बघत होता. पण नवव्या फेरीपर्यंत त्या न झालेल्या सुनेवर चौकात इतकं बोललं गेलं की तिने ऐकलं असतं तर लग्नच मोडलं असतं! एका गृहस्थांनी तर वृद्धाश्रमाचा पत्ता कागदावर लिहून वर धरला, म्हणजे पुढच्या फेरीला बाईंना वाचता यावा.

दहा. अकरा!

जप संपला, मौन सुटलं. बाईंनी शेजारी धावणाऱ्या मारुतीरावांकडे पाहिलं आणि आपल्या नेहमीच्या, देवघरातल्या आवाजात म्हणाल्या, “दादा, मला डावीकडे वळवा.”

“आं?”

“डावीकडे वळवा हो. मला येत नाही.”

हवालदार तीन पावलं नुसतेच धावले. मग त्यांनी शिट्टी फुंकून चारी रस्ते थांबवले, दोन्ही हातांनी कॅरियर पकडला आणि बैलगाडी चिखलातून काढावी तशी सायकल डावीकडे रेटली. निघाला तो रस्ता तळेगावचा नव्हता, त्याच्या आधीचा होता. पण अशा वेळी निवड कोण करतं? टाळ्या झाल्या. उतारावरून बाई थेट स्टेशनपाशी आल्या. उजव्या हाताला हमालांचा कट्टा होता. त्यावर पाय टेकला तेव्हा त्यांना जमीन इतकी आवडली की त्या तिथून हलेनात.

‘एकटी परत येईन’ असं ठरलं होतं. कशाने, ते ठरलं नव्हतं! पुण्याची लोकल उभीच होती. सायकल ढकलत ढकलत बाई सामानाच्या डब्यात चढल्या. डब्यात दुधाचे रिकामे कॅन आणि लोणावळ्यात दूध घालून परत निघालेले एकटे दूधवाले दत्तोबा.

गाडी हलते न हलते तोच फोन वाजला. गंगाधरराव!

“कुठे आहेस? तळेगावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. लोणावळ्यात कोणी एक बाई गोल गोल...”

“मळवली येईल आता. गाडीत आहे मी.”

“गाडीत!” आवाजाला एकदम धार आली. “कुणाच्या?”

“रेल्वेच्या.”

पलीकडे तपासणी सुरू झाली. “न्यायला कोणी आलं होतं?”

“नाही.”

“तू कुणाला बोलावलंस?”

“नाही.”

“सायकल?”

“माझ्याजवळ आहे.”

“असू दे मग,” गंगाधरराव म्हणाले. “ तुझ्याकडेच असू दे.” आणि मग हळूच, “स्टेशनवर येऊ का? न्यायला नाही. सहज.”

“सहज या,” बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. कार्ल्याचा डोंगर मागे सरकत होता. दत्तोबा मघापासून त्यांच्याकडे बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी बाकडं उपरण्याने झटकलं.

“मावशी, बसा की. आख्खं बाकडं मोकळं हाय.”

“नको, उभीच बरी.”

“तळेगावपातुर उभ्या? लांब हाय!”

“असू द्या.”

दत्तोबांनी हँडलला गुंतलेली झेंडूची माळ पाहिली, कपाळावरचं कुंकू पाहिलं, आणि एकदम उमज पडल्यासारखे स्वतःही उठून उभे राहिले.

“बसायचं न्हाई, आसं व्रत हाय व्हय?”

अरुंधतीबाई जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी भार डाव्या पायावरून उजव्या पायावर घेतला. मग उजव्यावरून डाव्यावर.

“हो,” त्या म्हणाल्या.

दत्तोबांनी हात जोडले. “किती दिसांचं?”

बाईंनी अंदाज घेतला.

“बुधवारपर्यंत सुटेल.”