र्फची भाषा

ज्ञानेश्वरी पावणेतीन वर्षांची झाली तरी पाण्याला 'पार्फाणीर्फी' म्हणत होती, आणि याला तिचे आईबाप सोडून दुसरं कुणीही जबाबदार नव्हतं.

लोहाऱ्यातलं दीड खोल्यांचं घर. मध्ये भिंतीऐवजी पडदा. धनाजीला बायकोशी दोन शब्द बोलायचे तर आई, गजराबाई, समोरच. करिश्मानं माहेराहून, तेरखेड्याच्या शाळेतून, र्फची भाषा आणली होती. प्रत्येक अक्षरामागे र्फ लावायचा, की झालं. मग काय, सासूसमोर बसून खुशाल बोलणं सुरू झालं. "भार्फाजीर्फी खार्फारर्फटर्फ." भाजी खारट. "वेर्फेगर्फळंर्फं रार्फाहूर्फू." वेगळं राहू. गजराबाई शेजारणीला कौतुकानं सांगायची, "सून लई शिकलेली हाय. घरात सुदीक विंग्रजीच."

पोरगी हेच ऐकत वाढली आणि हेच बोलू लागली. अंगणवाडीच्या सीताबाई म्हणाल्या, "धनाजीराव, पोरीची जीभ दाखवून घ्या." धाराशिवच्या डॉक्टरनं जीभ बघितली, कान बघितले आणि विचारलं, "घरात काय बोलता तुम्ही?"

 पोरीचं आपण वाटोळं केलं, असं धनाजीला मनापासून वाटलं.

त्या दिवसापासून घरात र्फ बंद. पण आईसमोर साध्या मराठीत बोलण्यासारखं नवराबायकोकडे काहीच निघेना. दोघं मुकी झाली. कुणीच उत्तर देईना म्हणून पोरगी दिवसभर रडायची आणि आजीच्या मांडीवर जाऊन एकटीच बडबडत राहायची. असे पंधरा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी जेवताना पोरगी म्हणाली, "आर्फाजीर्फी, पार्फाणीर्फी."

"देर्फेतेर्फे," गजराबाई म्हणाली आणि तांब्या उचलला.

धनाजीनं घास ताटात ठेवला. "आई, तुला येतंय व्हय?"

"तुमी गप झालाव. लेकरानं कुणासंग बोलावं मग? तिनंच शिकिवलं. सोपं हाय की." गजराबाईनं पोरीला पाणी पाजलं. "तुमचं जुनं बोलणं बी र्फ काढून बघितलं. तीन वर्सं रोज तेच तेच, पाठच झालं होतं. मीठ आता कमी टाकलंय. आन् रार्फाहार्फा वेर्फेगर्फळंर्फं, म्या न्हाय म्हनत न्हाय. पोरीला तेवढं सणासुदीला धाडत जा. तिच्याबिगर कोन बोलतंय माझ्याशी?"

ताटात बघत धनाजी अळणी भाजी खाऊ लागला. करिश्माला त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण आता ते कुठल्या भाषेत सांगावं, हेच तिला कळेना.