फिनेललाही चिठ्ठी

समोर सुपरमार्केट उघडल्यापासून किराणा दुकानदाराकडे मोजकीच गिऱ्हाइकं उरली होती, आणि ती सगळी भिंगकाकांच्या शब्दावर चालत. काका प्रत्येक पुडा भिंगाखाली धरत. "जनुकं बदललेला माल यात आहे की नाही, हे खाणाऱ्याला कळायला नको?" शनिवारी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "सोमवारपर्यंत चिठ्ठ्या लावा. नाहीतर आम्ही सगळे समोर."

दुकानदाराने 'जनुकीय बदल नाही' अशा चिठ्ठ्या छापून आणल्या, "खात्री असेल तिथेच लाव," असं बायकोला बजावलं आणि तो माल आणायला घाऊक बाजारात गेला.

बायकोची खात्री दांडगी. सोमवारी पाहतो तर मीठ, साबण, मेणबत्त्या, फिनेल, सगळ्यांवर चिठ्ठ्या!

"अगं, मिठाला कुठली आलीत जनुकं?"

"म्हणूनच तर बिनधास्त लावली."

पहिल्याच बाई मिठाशी थबकल्या. "आजच्यात नाही, म्हणजे गेल्या आठवड्यातल्यात होती की काय?" आणि घरी जाऊन अर्धी वापरलेली पुडी परत घेऊन आल्या. मागच्याने फिनेल उचललं. "यावर पण? म्हणजे पोटात गेलं तरी चालतं?"

तेवढ्यात भिंगकाका आले आणि थेट सोयाबीन तेलापाशी जाऊन उभे राहिले. तिथे छापील चिठ्ठी नव्हती. बायकोने हाताने लिहिलं होतं : 'माहीत नाही. कंपनीला फोन केला. तासभर गाणं ऐकवलं.'

दुकानदाराने डोळे मिटले. आटोपलं दुकान!

"हे कुणी लिहिलं?"

"मी," बायको म्हणाली. "खोटं कसं लिहू, काका? आमच्या घरीही हेच तेल आहे."

काकांनी भिंग खिशात टाकलं. "इतकी वर्षं डबे वाचतोय, आज पहिल्यांदा काहीतरी कळलं. दोन पिशव्या दे, पोरी."

"पण काका, त्यात असेलही!" दुकानदार न राहवून बोलला.

"असेना का. मला ठरवायचं होतं हो, घाबरायचं नव्हतं."

काकांनी घेतलं म्हटल्यावर रांग लागली. मिठाच्या बाईही पुडी तशीच विसरून तेल घेऊन गेल्या.

गर्दी ओसरली. दुकानदाराने गल्ल्यामागची आपली खुर्ची पुसली आणि बायकोपुढे सरकवली. आभार मानायची सवय नव्हती. शेवटी संसारात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघालं,

"अहो, बसा ना. चहा मी आणतो."