मिस्त्रींच्या लेकीचा पहिला पेशंट

"बत्तीस! मोजून घ्या! विकत घेतलेला एकही नाही!"

एवढं बोलून मिस्त्री तोंडाचा दरवाजा सताड उघडायचे आणि समोरच्याने मोजेपर्यंत मिटायचे नाहीत. सुतारकीत चाळीस वर्षं गेलेली, चौसष्टावं लागलेलं. बरोबरीची मंडळी कवळी पेल्यात बुडवून निजत होती आणि हे शेंगदाण्यासारखे टप्पोरे दात घेऊन गल्लीभर हसत फिरत होते!

पण दातांपेक्षाही मोठा अभिमान होता तो लेकीचा. लेक दातांची डॉक्टर झाली त्या दिवशी मिस्त्रींची छाती अशी फुगली, की शर्टाचं दुसरं बटण तेव्हापासून बेपत्ता आहे. मोठ्या इस्पितळातली चालून आलेली जागा सोडून तिने आपल्याच रस्त्यावर दवाखाना थाटायचं ठरवलं, तेव्हा मिस्त्रींनी महिनाभर दुसरं काम घेतलं नाही. बाकडी, कपाटं, टेबल, सगळं स्वतः केलं. आतल्या खोलीचं दार तर असं बसवलं, की उघडताना पान पडल्याएवढाही आवाज होऊ नये.

दवाखान्याच्या पहिल्या दिवशी मिस्त्री नऊच्या ठोक्याला येऊन बाकावर बसले. शेजारी मिस्त्रीणबाई.

"बाबा, बसा हवं तर," लेक पांढरा कोट चढवत म्हणाली. "पण बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय!"

दहापर्यंत तीन माणसं आली. गालाचा चेंडू झालेले बसचे ड्रायव्हर, रुमालाआड तोंड लपवणाऱ्या शाळेतल्या बाई आणि एक ठेंगण्या आजी, ज्यांचा पुढचा दात बोलताना झुल्यासारखा पुढे-मागे व्हायचा. तिघंही बाकावर अशी बसली होती, की जणू आत निकाल लागायचाय. लेक आत हत्यारं मांडत होती, त्याची किणकिण ऐकू येई आणि दर किणकिणीला ड्रायव्हर इंचभर सरकत.

मिस्त्रींचा जीव कळवळला. माणसाला धीर द्यायला काय जातं?

"काय त्रास?" त्यांनी हळूच विचारलं.

"रूट कॅनल सांगितलंय," ड्रायव्हर गालावर हात ठेवून म्हणाले. "ते नेमकं असतं काय हो?"

"हात्तिच्या! एकदम सोपं! समजा, तुमच्या दाराच्या चौकटीला आतून वाळवी लागली. वरून रंग झकास, आत नुसता भुसा. मग काय करायचं? गिरमिट घ्यायचं आणि भोक पाडायचं."

"भोक?"

"त्याशिवाय आत शिरणार कसं? मग आतली कीड खरवडून काढायची, बारीक कानशीने पार बुडापर्यंत घासायचं, धुवायचं, वाळवायचं, भोक बुजवायला लांबीचा लगदा ठासून भरायचा आणि वर टोपण बसवायचं. चौकट पुन्हा वर्षानुवर्षं बघायला नको!"

आता खरं सांगायचं तर मिस्त्री फारसं चुकीचं काहीच बोलले नव्हते. लेकीच्या अभ्यासाची पुस्तकं त्यांनी तिच्याकडून रात्र-रात्र ऐकली होती, आणि किडलेली दाढ वाचवतात ती साधारण अशीच. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली, की त्याआधी जागा बधिर करतात. लाकडाला बधिर करावं लागत नाही, त्यामुळे ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही!

ड्रायव्हरांचा चांगला गाल पांढरा पडला.

"आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर?" बाईंनी रुमालाआडून विचारलं.

"दातांवर थर चढलाय तुमच्या. जुन्या खिडकीवर रंगावर रंग चढतो ना, तस्सा! तो आधी तासायचा. खर्र, खर्र, खर्र! मग वरून पॉलिश!"

"तासायचा?" बाईंनी रुमाल दोन्ही हातांनी धरला. "दात हलतील की!"

"छे! दात हलतील कसे? उलट हिरडी घट्ट धरते."

"माझा तर हलतोयच," आजी म्हणाल्या. "त्याचं काय रे बाबा?"

"आजी, तुमचं काम तर चुटकीचं! सैल खिळा. पक्कड लावायची, एकदा इकडे, एकदा तिकडे आणि..." मिस्त्रींनी दोन्ही हातांनी हवेतला खिळा उपटून दाखवला. तोंडाने आवाजही काढला. "कर्रर्र... टक!"

आजींनी पिशवी उचलली. बाई उठल्या. ड्रायव्हर तर दाराशी पोचलेसुद्धा होते.

नेमकं तेव्हाच आतलं दार, मिस्त्रींच्याच कसबाने, आवाज न करता उघडलं. "या, पहिलं कोण?" म्हणत लेक बाहेर आली आणि तिला दिसल्या तीन पाठी.

तिने बापाकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मिस्त्रींनी सोसलं असतं. पण त्या डोळ्यांत नुसतं पाणी तरारलं, आणि मिस्त्रींच्या काळजात पटाशी शिरली. ही तीन माणसं अशी परतली, तर संध्याकाळपर्यंत रस्ताभर बोभाटा होणार, की मिस्त्रींच्या लेकीकडे जाऊ नका, तिथे माणसं तासतात!

ते धावत जाऊन दारात आडवे झाले. "थांबा! माझ्या लेकीचा हात म्हणजे मोरपीस आहे मोरपीस! बसाल तर कळेल!"

"एवढा भरवसा आहे, तर तुम्हीच बसा की आधी!" ड्रायव्हर म्हणाले.

"मी बसलो असतो हो. पण माझे बत्तीसच्या बत्तीस..."

"उजवीकडची खालची दाढ," बाकावरून मिस्त्रीणबाई शांतपणे म्हणाल्या. "दोन महिने झाले."

"अगं!"

"अहो, काय अगं? घास डावीकडे, पाणी कोमट. गार पाण्याचा थेंब लागला की न्हाणीघरात जाऊन नाचता!" आणि मग जात्यावर बसल्यासारखा सूर लावून त्यांनी जागच्या जागी जोडलं,

"बत्तीस दातांचा गं मिरवतो राजा,
गार पाणी पिता त्याच्या वाजे डोईत बाजा!"

बाईंना रुमालाआड हसू फुटलं. आजींचा दात तर झोके घेऊ लागला.

"दोन महिने?" लेक म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीत?"

"डॉक्टरच्या बापाचीच दाढ किडकी! लोक काय म्हणतील पोरी?"

"लोक काय म्हणतील ते बघायलाच उभे आहेत, बाबा. चला आत."

मिस्त्री गेले. मान ताठ, चाल दमदार, जणू बक्षीस घ्यायला निघालेत! दार लेकीने मुद्दाम अर्धं उघडं ठेवलं. बाहेरच्या तिघांना तेवढ्यातून खुर्चीचं टोक आणि मिस्त्रींच्या वहाणा दिसत होत्या.

आत लेकीने दिवा खाली ओढला, छोटा आरसा तोंडात फिरवला. "कीड पार आतल्या नसेला भिडलीय. रूट कॅनलच करावं लागेल. आधी इंजेक्शन देते, मग काही कळणार नाही."

मिस्त्रींच्या अंगठ्यातून एकदा पटाशी आरपार गेली होती. फडकं बांधून त्यांनी खिडकी पुरी केली होती. अशा माणसाने सुईला काय भ्यायचं? त्यांनी सुईकडे रोखून पाहिलं. तिच्या टोकावर एक थेंब होता, पहाटेच्या गवतावर असतो तसा. तो थेंब मोठा झाला. दिव्याएवढा झाला, खिडकीएवढा झाला, आणि मिस्त्री अलगद त्यात शिरले.

बाहेर तिघांनी माना लांब केल्या.

"अहो बघा, खुर्ची आडवी केली! पाय वर घेतले त्यांचे!" बाई म्हणाल्या.

"आणि ती वारा घालतेय," आजी म्हणाल्या. "डॉक्टर असून पुठ्ठ्याने वारा घालतेय गं!"

"हूं नाही की चूं नाही," ड्रायव्हर पुटपुटले. "गडी झोपला बघा!"

मिस्त्रींनी डोळे उघडले तेव्हा कसं हलकं-हलकं वाटत होतं. जीभ दाढेवरून फिरवली. दुखत नव्हतं! लेक वाकून काहीतरी सांगू लागली, पण थांबतोय कोण? ते उठले ते थेट बाहेर!

"झालं!" मिस्त्री गर्जले. "अहो, मुंगी चावली असती तर ती तरी कळली असती! ओठसुद्धा बधिर नाही, बघा, खणखणीत बोलतोय! चाळीस वर्षं हत्यार चालवलं मी, पण असा हात पाहिला नाही. आणि हा हात माझ्या घरचा आहे!"

"बाबा, अहो ऐका..." लेक दारातून म्हणाली.

"लाजते!" मिस्त्री म्हणाले. "लहानपणापासून अशीच. कौतुक सोसत नाही!"

ड्रायव्हर आत गेले. मग बाई. मग आजी, पिशवीसकट. "काही दुखलं तर हात वर करा," असं लेक प्रत्येकाला सांगत होती आणि एकही हात वर झाला नाही. बाई रुमाल घडी करून पर्समध्ये टाकत बाहेर आल्या. आजींनी तर दात कागदाच्या पुडीत बांधून घेतला. "माझ्या सुनेला आणते उद्या," त्या म्हणाल्या. मिस्त्री प्रत्येकाला पायरीपर्यंत पोचवत होते, जणू घरच्या कार्याला आलेली माणसं.

दुपारी दवाखाना रिकामा झाला. लेकीने नवे हातमोजे चढवले.

"चला बाबा, आता तुमचं."

"माझं? माझं तर सकाळीच झालं!"

"काय झालं?"

"दाढ! तूच केलीस की. कळलंसुद्धा नाही मला."

"कळेल कसं? मी हातच लावला नाही अजून! तुम्ही सुई बघितलीत आणि घेरी येऊन मान टाकलीत. पाय वर केले, वारा घातला, तेव्हा डोळे उघडलेत. आणि मी काही सांगायच्या आत बाहेर जाऊन भाषण!"

मिस्त्रींनी जीभ पुन्हा एकदा दाढेवरून फिरवली. मिस्त्रीणबाई खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं पाहत होत्या. त्यांचे खांदे गदगदत होते.

"म्हणजे मी त्या तिघांना जे सांगितलं..."

"ते आता खरं करून दाखवायचं. बसा."

मिस्त्री बसले. दोन्ही डोळे गच्च मिटले, एक हात बायकोने धरला. सुई जवळ येत असावी, कारण सगळं शांत झालं होतं. तरी न राहवून त्यांनी एक डोळा किलकिला केला.

"पोरी, ते तिघं खुर्चीतून उठताना काय म्हणाले गं?"

"कशाबद्दल?"

"माझ्या लेकीबद्दल."

लेक गालातल्या गालात हसली.

"सांगते. आधी तोंड बधिर होऊ द्या, म्हणजे मधे बोलणार नाही."