शाळामान्य डावा बूट

"सर, मिरगी आल्यावर बूट उजव्या पायाचा हुंगवायचा की डाव्याचा?"

भर परिपाठात हा प्रश्न विचारून दाखव, अशी रंजू आणि दुर्गा या मैत्रिणींनी माझ्याशी पैज लावली होती. "हिंमत असंल तं विचार, गुड्डे!" विचारला. अधिकार माझाच होता, कारण मिरगी मलाच येते. गेल्या वर्षी प्रतिज्ञा म्हणताना मी पडले, तेव्हा सगळ्यात आधी बूट काढून धावलेले वीरेंद्र सर आम्हाला विज्ञान शिकवतात. धडा मेंदूचाच चालू होता.

मुख्याध्यापक टेकचंद सर हसले नाहीत. "प्रश्न धोरणात्मक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी बूट समिती नेमली.

समितीने सखोल विचार केला. विद्यार्थ्यांचे बूट कापडी, म्हणून अपात्र. मॅडमच्या सँडलला चहूकडून हवा लागते, म्हणून वासाची शाश्वती नाही. कातडी, सेवाज्येष्ठ आणि मोज्यासह दीर्घकाळ वापरातला असा एकच बूट आमच्या शाळेत निघाला: टेकचंद सरांचा डावा. तो बक्षिसाच्या ढालींच्या कपाटात कुलूपबंद झाला. पॉलिश करण्यास सक्त मनाई. तेव्हापासून सर उजव्या पायात बूट आणि डाव्यात स्लीपर घालून झेंड्याला सलामी देतात.

पुढे एकदा कबड्डी खेळताना मी मैदानावर पडले. पुढचं रंजूने नंतर सांगितलेलं. शिपाई कैलाशभाऊ कपाटाकडे धावले. किल्ली सरांच्या खिशात, सर तुमसरला बैठकीत!

"कोणीही आपला बूट काढायचा नाही! अधिकृत बूट येऊ द्या!" वीरेंद्र सर ओरडले.

झालं! नियमाच्या कृपेने माझ्या नाकाला पहिल्यांदाच मोकळी हवा मिळाली. दुर्गाने मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली रंजूची ओढणी ठेवली, आणि थोड्या वेळात मी आपोआप उठून बसले. माझ्या डॉक्टर मॅडम हेच तर सांगतात: फिट बहुतेक वेळा आपली आपण थांबते, लांबली तर दवाखाना गाठा, आणि रोजची गोळी चुकवू नका.

समितीचा निष्कर्ष मात्र वेगळा होता. "बूट कपाटात असतानाच गुण आला! मग जवळून किती येईल?" बुटाला हार पडला. गावातले श्यामलालबुवा कंबरदुखी घेऊन रोज कपाटासमोर बसू लागले.

मग भंडाऱ्याच्या कबड्डी स्पर्धेसाठी संघ निवडला. चढाईत माझ्यासारखी कोणी नाही, हे आमचं सगळं सिहोरा गाव सांगेल. पण टेकचंद सर म्हणाले, "बूट मुख्यालय सोडू शकत नाही. बुटाशिवाय तुला पाठवणं जोखमीचं. सबब, तू राहा."

"सर, मग पायातला उजवा द्या ना!"

"उजव्याला अनुभव नाही."

घरी सांगितलं, तर बाबा मान हलवून म्हणाले, "सर बराबर म्हणते. तिथं तुले कोण हुंगवन?"

आई उठली. आत गेली आणि पॉलिथिनमध्ये बांधलेला बाबांचा धानाच्या बांधीतल्या चिखलात वापरायचा जोडा घेऊन आली. "हा ने, माय. सरच्या बुटापरीस जालीम हाये."

मी पोट धरून हसले. तुम्हीही हसताय ना? हसा. पण बसस्टँडवर कोणी पडलं, की तुमचा एक हात चपलेकडे आणि दुसरा मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे जातो. शुद्धीवर येताना डोळे उघडले, की मला सगळ्यात आधी तेच दिसतं.

जोडा मी आईच्या हातून घेतला आणि दाराबाहेर, त्याच्या जागेवर ठेवला.

"आई, बाबा, सर काहीबी म्हणो, मी भंडाऱ्याले खेळाले जाऊन राहिली. गोळ्या नेतो. दुर्गी संघातच हाये. जोडा नाही नेत. अन् तिथं कोणी हुंगवलाच, तं शुद्धीवर आल्यावर पहिली चढाई त्याच्यावरच!"